मनगट मोडलं: प्लास्टरच्या आत आणि बाहेर

(दृश्य: पावसाळ्यातलं अंगण, ओल्या फरशीवर शेवाळ.)

तोल गेला की तळवा आपोआप पुढे येतो आणि पडणाऱ्या अंगाचा सगळा भार मनगटावर येतो. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं हाड आतून विरळ झालेलं असेल, तर उभ्याने पडणंही पुरतं. अंगठ्याच्या बाजूचं हाड, म्हणजे रेडिअस, मनगटाच्या सांध्यापासून साधारण एका इंचावर मोडतं. तुटलेला तुकडा हाताच्या पाठीकडे सरकतो आणि बाजूने पाहिलं तर हात जेवणाच्या काट्यासारखा वाकडा दिसतो. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या मोडीचं वर्णन केलं, तेव्हा एक्स-रेचा शोध लागायला अजून ८१ वर्षं होती. आजही डॉक्टर तिला कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात.

ही मोड बहुतेक वेळा जुळते. हाड नीट जुळूनही हात कामाला येत नाही, असे पेशंट मात्र दवाखान्यात नेहमी दिसतात. त्यांची बोटं आखडलेली असतात, खांदा धरलेला असतो. प्लास्टरच्या पाच-सहा आठवड्यांत डॉक्टरांचं काम थोडं असतं, पेशंटचं जास्त.

(दृश्य: सुजलेला हात, मनगटात काचेच्या बांगड्या, बोटात अंगठी.)

सगळ्यात आधी बांगड्या, पाटल्या आणि अंगठी काढा, दवाखान्यात पोचायची वाट पाहू नका. सूज चढते, धातू ताणत नाही, आणि बोटाचं रक्त अडतं. हिरवा चुडा उतरवताना सवाष्णीचं मन कचरतं, घरातली मोठी माणसंही गप्प राहतात. अशा वेळी कुणीतरी ठामपणे सांगायला हवं. चुडा पुन्हा भरता येतो. साबणाच्या पाण्याने अंगठी निघाली नाही, तर बारीक दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून तळव्याकडे सरकवा. उरलेला दोरा अंगठीच्या पुढे, पेरावर, वेढ्याला वेढा लावून घट्ट गुंडाळा. मग तळव्याकडचं टोक धरून दोरा उलगडत जा, एकेका वेढ्याबरोबर अंगठी पुढे सरकते. तेवढ्यानेही नाही जमलं, तर दवाखान्यात कापतात.

मग कोपराखालपासून तळव्यापर्यंत घडी घातलेलं वर्तमानपत्र किंवा जाड मासिक लावा, ओढणीने सैलसर बांधा आणि हात झोळीत घ्या. जखम असेल तर स्वच्छ कापड ठेवून तडक निघा. भूल द्यावी लागू शकते, म्हणून खायला-प्यायला काही देऊ नका.

आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप घरोघरी लावतात. जखम नसलेल्या कातडीवर त्याने सहसा अपाय होत नाही. अपाय होतो तो चोळण्याने, आणि त्याहून जास्त, बांबूच्या कांबट्या लावून आवळून बांधण्याने. आत सूज वाढते, बाहेरून बांधणी हलत नाही, आणि मधल्या स्नायूंचं रक्त तुटतं. काही तासांत स्नायू मरायला लागतात, मग बोटं कायमची वाकडी होतात.

(दृश्य: एक्स-रेच्या दोन फिल्म, समोरून आणि बाजूने.)

निरोगी मनगटात सांध्याचा पृष्ठभाग तळव्याकडे सुमारे ११ अंश झुकलेला असतो. मोडीनंतर तो पाठीकडे १० अंशांपेक्षा जास्त कलला, हाड ३ मिलिमीटरहून जास्त आखूड झालं, किंवा सांध्याच्या आत २ मिलिमीटरची पायरी पडली, तर डॉक्टर ऑपरेशनचा विचार करतात. आकडे सगळ्यांना सारखे लागू होत नाहीत. तरुण सुताराच्या हाताला जे चालत नाही, ते ऐंशीच्या आजींना पुष्कळदा चालून जातं.

हाड बसवताना मोडीच्या जागी साचलेल्या रक्तातच बधिरतेचं औषध देतात. सिरिंज मागे ओढल्यावर काळपट रक्त आलं, की सुई बरोबर जागी आहे. मदतनीस कोपराच्या वर दंड धरून ठेवतो, डॉक्टर हात एका लयीत ओढत राहतात. मग तुकडा आधी आणखी मागे वाकवतात. पाहणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण एकमेकांत अडकलेल्या कडा त्याशिवाय सुटत नाहीत. सुटल्या की तुकडा तळव्याकडे आणि करंगळीच्या बाजूला दाबून बसवतात.

(दृश्य: पाण्याची बादली, प्लास्टरची पट्टी, जवळून.)

सूज वाढणार हे माहीत असल्यामुळे पहिल्या दिवशी सहसा पूर्ण प्लास्टर न घालता एका बाजूने स्लॅब, म्हणजे प्लास्टरची अर्धी खपली, लावतात. आधी कापसाचे दोन थर, मनगटाच्या उंचवट्यावर एखादा जास्त. मग प्लास्टरच्या पट्टीचे आठ-दहा पदर एकावर एक. पाणी साधं हवं. प्लास्टर घट्ट होताना स्वतःच तापतं, आणि गरम पाण्याने ते इतकं तापू शकतं की कातडी भाजते. ओलं प्लास्टर बोटांनी दाबायचं नाही, तळव्याने फिरवायचं. बोटाचा खळगा आत वाळला तर तिथेच कातडीला फोड येतो. मनगट खाली फार वाकवून बांधलं तर मधली नस दबते आणि बोटांना मुंग्या येतात.

स्लॅबची पुढची कड तळहातावरच्या आडव्या रेषेच्या मागेच थांबली पाहिजे. कड रेषेच्या पुढे आली तर मूठ वळत नाही. घरी जाण्याआधी मूठ वळून पाहा. वळत नसेल तर तिथेच कड कापून घ्या.

पहिले दोन दिवस हात उशीवर, छातीच्या पातळीच्या वर ठेवा. नख दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. बोटं गार, पांढरी किंवा निळी पडली, बधिर झाली, दुखणं गोळीने न थांबता वाढत गेलं, किंवा कुणी बोट हळूच सरळ केलं तरी कळ आली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. तिथे बँडेज आणि आतला कापूस कातडीपर्यंत कापून मोकळा करतात. सूज उतरली की स्लॅब सैल होतो आणि हाड पुन्हा सरकू शकतं. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्याला एक्स-रे काढतात. तोवर दुरुस्ती सोपी असते. हाड टिकत नसेल तर तारा किंवा तळव्याच्या बाजूने प्लेट बसवतात.

(दृश्य: प्लास्टरमधला हात. बोटं उघडतात, मिटतात.)

दुखणं सोसेल तसं, पहिल्याच दिवसापासून, जागेपणी दर तासाला दहा वेळा: बोटं पूर्ण सरळ, मग नखं तळव्याला टेकतील अशी मूठ. अंगठ्याचं टोक करंगळीला लावा. कोपर वाकवा, सरळ करा. दिवसातून तीन-चार वेळा हात झोळीतून काढून डोक्यावर न्या. झोळी चालतानाच वापरा. दिवसभर गळ्यात अडकवली तर खांदा धरतो. हलवलं तर हाड सरकेल, ही भीती घराघरांत असते. बोटं हलवण्याने नीट धरलेलं हाड सरकत नाही. न हलवल्याने सूज बसून राहते आणि सांधे आखडतात. काहींना पुढे हाताची आग होते, कातडी चकचकीत होते, घाम येतो. ते लगेच डॉक्टरांना दाखवावं. खाज आली म्हणून आत विणकामाची सुई घालू नका.

प्लास्टर पाच-सहा आठवड्यांनी निघतं. हात बारीक आणि ताठ दिसणारच. कोमट पाण्यात मनगट वर-खाली करा, कोपर अंगाला लावून तळवा आळीपाळीने वर आणि खाली वळवा. पकड पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात. या काळात एक दिवस अचानक अंगठा वर उचलता येईनासा झाला, तर त्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटलेली असू शकते. हाड जागचं न हललेल्या, साध्या वाटणाऱ्या मोडीतही हे होतं. त्यावर ऑपरेशन आहे.

साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल, तर पुढे खुब्याचं हाड मोडण्याचा धोका वाढलेला असतो. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. तिच्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी केलेली तुलना, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर औषध लागतं. कॅल्शियम रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम हवं. शंभर ग्रॅम नाचणीतून साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम मिळतं. हाडांची झीज रोखणाऱ्या अलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी डॉक्टरांनी दिली, तर ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा अर्ध्या तासाने, आणि तोवर आडवं व्हायचं नाही, कारण गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते.