'होत नाही' आणि 'नकोसं वाटतं'

ल्युपस म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. त्याच्या पेशंटला सगळ्यात जास्त बोचणारं वाक्य कोणतं, माहितीये? 'तब्येत छान सुधारली हं!' स्टिरॉइडने गाल सुजलेले असतात आणि लग्नात भेटलेली मावशी कौतुकाने हे म्हणते. पुढच्या लग्नाला ती पेशंट जातच नाही. उन्हाने आजार उसळतो, म्हणून सकाळचं फिरणं आधीच सुटलेलं असतं. 'ती' म्हणतोय, कारण ल्युपसच्या दहा पेशंटांत साधारण नऊ बायका असतात, त्याही बहुतेक ऐन उमेदीतल्या.

मग 'अशात कुणीही खचेलच' म्हणून आपण मोकळे होतो. माझी तक्रार इथेच आहे. हे नैराश्य नुसतं परिस्थितीचं नसतं. शरीराची संरक्षणयंत्रणा सांध्यांवर, मूत्रपिंडावर उलटते, तशी मेंदूवरही उलटू शकते. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली ल्युपसमुळे मेंदू आणि नसांना होणाऱ्या १९ त्रासांची यादी केली, त्यात मनःस्थितीचे विकारही आहेत.

आणखी एक कारण आम्हीच चिठ्ठीवर लिहून देतो. प्रेडनिसोलोन, म्हणजे तेच गाल सुजवणारं स्टिरॉइड. बोस्टनच्या १९७२च्या पाहणीत, रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत डोस असलेल्यांत शंभरात एखाद्यालाच मानसिक त्रास झाला; ८० च्या वर शंभरात अठरा जणांना. तेव्हा 'गोळी वाढवल्यापासून झोप उडालीय, उगाच रडू येतं' हे बेलाशक सांगा. मात्र गोळी परस्पर बंद करू नका. बरेच दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं.

आता ओळखायचं कसं? नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. थकवा, झोप, भूक, एकाग्रता... यातले चार प्रश्न ल्युपस स्वतःच सोडवून टाकतो! म्हणून मी एक शब्द पकडतो. माझ्या एका पेशंटबाई रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवायच्या. बोटं आखडली तेव्हा म्हणाल्या, 'पेन धरता येत नाही, होत नाही हो.' ते मी सांध्यांच्या खात्यात टाकलं. चार महिन्यांनी बोटं मोकळी झाली, रक्ताचे रिपोर्ट सुधारले. कोड्याचं विचारलं, तर म्हणाल्या, 'नकोसंच वाटतं.' रिपोर्ट बघून खूश झालो होतो, खुर्चीत नीट बसलो.

त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. नैराश्याची औषधं ल्युपसच्या औषधांबरोबर देता येतात. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या तेवढ्या दाखवा. आणि मनात जीव नकोसा झाल्याचं येत असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

त्यांच्या यजमानांनी बाहेर पडताना हळूच विचारलं, 'डॉक्टर, मी काय करू?' म्हटलं, घरी कुणी 'सुधारली हं' म्हणालं, तर आधी विषय बदला. आणि पेपर टेबलावरच राहू द्या, कोडं वर येईल असा.