खाडीकाठची उजळणी

श्रोतेहो, नमस्कार. अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी आज पर्यावरणशास्त्राची उजळणी करायची आहे. पुस्तकातला धड्यांचा क्रम बाजूला ठेवू आणि वाशीच्या किंवा ऐरोलीच्या पुलावरून दिसणारी ठाण्याची खाडी समोर घेऊ. या विषयाच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत. ऊर्जा एका दिशेने जाते, परत येत नाही. पदार्थ मात्र फिरत राहतो. बरीचशी उत्तरं चुकतात ती या दोहोंची गल्लत झाल्यामुळे.

आधी ऊर्जा. ओहोटीला चिखलावर रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, उतरतात. ते दोन जातींचे असतात. गडद लाल चोचीचा तो छोटा रोहित, आणि फिक्या गुलाबी चोचीला काळं टोक असलेला तो मोठा रोहित. छोटा मुख्यतः नीलहरित शैवाल गाळून खातो, म्हणून तो दुसऱ्या पोषण पातळीवर, म्हणजे अन्नसाखळीच्या दुसऱ्या पायरीवर. मोठ्याचा भर चिखलातल्या बारीक कवचधारी प्राण्यांवर, अळ्यांवर आणि शिंपल्यांवर. हे प्राणी शैवाल खाऊन वाढलेले असतील, तर मोठा रोहित तिसऱ्या पातळीवर गेला. शैवालात 10,000 किलोज्यूल ऊर्जा साठली असेल, तर छोट्यापर्यंत साधारण 1,000 पोचते आणि मधल्या बारीक प्राण्यांमार्फत मोठ्यापर्यंत 100. बाकीची श्वसनात उष्णता होऊन जाते, काही भाग खाल्लाच जात नाही, काही विष्ठेतून बाहेर पडतो. दहा टक्के ही सरासरी आहे, प्रत्यक्षात आकडा कमी-जास्त होतो. संख्येचा किंवा जैवभाराचा मनोरा उलटा असू शकतो, ऊर्जेचा कधीच नाही. कारण विचारलं तर हाच हिशेब मांडा.

आणखी एक गोष्ट अनेकांकडून निसटते. तिवराची, म्हणजे खाडीकाठच्या कांदळवनातल्या झाडाची, हिरवी पानं थेट खाणारे थोडे. बहुतेक पानं गळून चिखलात पडतात, जिवाणू आणि बुरशी ती कुजवतात, आणि त्या कुजक्या चुऱ्यावर खेकडे, कोळंबी जगतात. तेव्हा कांदळवनाची अन्नसाखळी लिहिताना सुरुवात हिरव्या पानापासून करून थांबू नका, मृत पानापासून निघणारी साखळी जरूर दाखवा.

आता पदार्थ. यातला सर्वांत जास्त चुकणारा प्रश्न म्हणजे सुपोषण, म्हणजे पाण्यात पोषकद्रव्यं वाजवीपेक्षा जास्त होणं. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस तलावात येतात, शैवाल भराभर वाढतं. इथवर सगळे बरोबर लिहितात. पुढे मात्र ‘शैवाल सगळा ऑक्सिजन वापरतं, म्हणून मासे मरतात’ असं एका वाक्यात उरकतात. खरा क्रम लांब आहे. दाट थरामुळे खाली उजेड पोचत नाही, खालच्या वनस्पती मरतात. शैवालही मरून तळाशी बसतं. ते कुजवणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढते आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मुख्यतः त्यांच्या श्वसनात संपतो. मेलेले मासे बहुधा सकाळी दिसतात, कारण रात्री प्रकाशसंश्लेषण बंद आणि श्वसन चालू; ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो सूर्योदयाच्या जरा आधी. उन्हाळ्यात धोका वाढतो. गोड्या पाण्यात 20 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना सुमारे 7.6.

हा ऑक्सिजन प्रयोगशाळेत मोजायचा कसा? 300 मिलिलिटरची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरा. उंचावरून ओतलंत किंवा एक बुडबुडा जरी आत राहिला, तरी हवेतला ऑक्सिजन मिसळतो आणि उत्तर फुगतं. पिपेटचं टोक पाण्यात बुडवून 1 मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि 1 मिलिलिटर अल्कधर्मी आयोडाइड घाला, बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. मग शिक्षकांसमोर 1 मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल घाला, साका विरघळून पिवळसर आयोडीन सुटतं. त्यातलं 200 मिलिलिटर घेऊन 0.025 नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करा, म्हणजे ते थेंबथेंब घालत किती लागतं ते मोजा. रंग गवती पिवळा झाल्यावरच स्टार्च घाला. आधी घातलात तर आयोडीन त्याला चिकटून बसतं आणि शेवट नीट कळत नाही. निळा रंग गेला की थांबा. जितके मिलिलिटर लागले, तितके मिलिग्रॅम प्रति लिटर.

बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, याच मोजणीतून निघतो. 300 मिलिलिटरच्या बाटलीत 5 मिलिलिटर सांडपाणी, बाकी विरलनाचं पाणी. पहिल्या दिवशी ऑक्सिजन 8, अंधारात 20 अंशांवर पाच दिवस ठेवल्यावर 4.5. फरक 3.5, गुणिले 60, म्हणजे 210 मिलिग्रॅम प्रति लिटर. पाचव्या दिवशी ऑक्सिजन शून्यावर आला असेल तर ते वाचन टाकून द्या आणि सांडपाणी कमी घेऊन पुन्हा करा. आंघोळीयोग्य नदीच्या पाण्यासाठी आपल्याकडे बीओडी 3 किंवा त्याहून कमी आणि विरघळलेला ऑक्सिजन 5 किंवा त्याहून जास्त हवा.

बायोमॅग्निफिकेशन, म्हणजे अन्नसाखळीत वर जाताना विष साठत जाणं, थोडक्यात. डीडीटी हे कीटकनाशक आणि पाऱ्याची काही संयुगं शरीरात सहज मोडत नाहीत, बाहेरही पडत नाहीत. वरच्या पातळीवरच्या प्राण्याला खालचं अन्न भरपूर खावं लागतं, म्हणून ऊर्जा वर जाताना घटते आणि विषाची तीव्रता वाढते. आणखी एक गल्लत टाळा: ओझोनचा थर विरळ होणं आणि तापमानवाढ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 1987चा माँट्रियल करार ओझोनसाठी.

कांदळवनाकडे परत येऊ, कारण ‘झाडं ऑक्सिजन देतात’ एवढ्यावर उत्तर संपवणं मला पटत नाही. इथला चिखल वरून करडा, पण बोटभर खाली काळा असतो आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. तिथे ऑक्सिजन नाही. सल्फेट वापरणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, आणि लोहाशी त्याचा संयोग होऊन काळा रंग येतो. अशा चिखलात पानामुळांचा चुरा फार सावकाश कुजतो, म्हणून कार्बन दीर्घकाळ गाडलेला राहतो. तिवराची मुळं श्वासासाठी चिखलातून वर येतात तीही याच कारणाने. भराव पडला की ही श्वसनमुळं गाडली जातात आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. चिखल खणून कोरडा केला तर साठलेला कार्बन पुन्हा हवेत जातो.

खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. पण अभयारण्याची हद्द पक्ष्यांना पुरत नाही. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की ते सीवूड्स-नेरूळच्या उथळ पाणथळींवर येऊन थांबतात आणि ओहोटीला परत चरायला जातात. त्या पाणथळीत भरतीचं पाणी आणणारा नाला किंवा पाइप बुजला, तर पाणी साचून राहतं, खारटपणा आणि शैवाल बदलतं, उथळपणा जातो आणि पक्ष्यांना उभं राहायला जागा उरत नाही. अधिवासाचे तुकडे होण्याचं उदाहरण परीक्षेत विचारलं, तर हेच लिहा. नमस्कार.