दारावर तीन थापा

नमस्कार श्रोतेहो.

माझे बापूकाका लालबागच्या एका कापडगिरणीत तीस वर्षं साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. साच्यांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. सिनेमाचं वेड मात्र गेलं नाही.

मागे त्यांना एका मराठी रहस्यपटाला घेऊन गेलो. पडद्यावर खाली इंग्रजी ओळी येत होत्या. काका सातवी शिकलेले, मराठी पेपर अक्षरन् अक्षर वाचणारे. त्यांना इंग्रजी ओळींचा काय उपयोग? मी मोबाइलच्या उजेडात तिकिटामागे लिहून देऊ लागलो : ‘भाऊ खोटं बोलतोय.’ मागून कुणीतरी म्हणालं, “अहो, तो उजेड बंद करा.” त्यांचंही बरोबर होतं. केला बंद. मग काका पडद्यापेक्षा माझ्या तोंडाकडेच बघत बसले. लोक हसले की काका माझ्याकडे बघून हसायचे, जरा उशिरा. बाहेर पडल्यावर म्हणाले, “ती बाई फार ओव्हर करते रे. उगाच दचकते.”

पुढे तोच सिनेमा घरी बघायला मिळाला. माझ्या भाचीने एका प्रसंगाला लॅपटॉपवर मराठी ओळी टाइप केल्या. नुसते संवाद नव्हेत, आवाजसुद्धा. बाई चहा गाळतेय आणि खाली ओळ आली : ‘दारावर तीन थापा.’ बाई दचकली. काका खुर्चीत पुढे सरकले. “परत लाव,” म्हणाले. तीनदा बघितलं. मग हळूच म्हणाले, “म्हणजे दार वाजलं होतं होय! मी त्या बिचारीला बोल लावला.”

श्रोतेहो, सबटायटल असतं भाषा न कळणाऱ्यासाठी. कॅप्शन असतं ऐकू न येणाऱ्यासाठी. पुन्हा सांगतो, कॅप्शनमध्ये दाराची थापही लिहिलेली असते. दृष्टिहीनांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन असतं : दोन संवादांच्या मधल्या जागेत, पडद्यावर काय घडतंय ते हेडफोनवर सांगणारा आवाज. आकाशवाणीच्या श्रुतिका लिहिणाऱ्यांना हे काम द्या, ते सोनं करतील. आणि थिएटरवाल्यांनो, आवाज वाढवून शब्द कळत नाहीत हो. हल्ली पार्श्वसंगीत संवादाच्या उरावर बसतं, धडधाकट कानांनाही वाक्य लागत नाही.

आता नियम. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ कॅप्शन आणि ऑडिओ डिस्क्रिप्शनबद्दल स्पष्ट बोलतं. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’च्या ओटीटी प्रदर्शनासाठी या दोन्ही सोयी करायला सांगितल्या. मग १५ मार्च २०२४ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने थिएटरांतल्या चित्रपटांना या सोयी देण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एकाहून जास्त भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या चित्रपटांना सहा महिन्यांची मुदत, बाकीच्यांना दोन वर्षांची. आपला मराठी सिनेमा बहुतेक एकाच भाषेतला, म्हणजे दोन वर्षांच्या रांगेतला. दोन वर्षं, म्हणजे मार्च २०२६.

माझं मागणं एवढंच आहे की मराठी सिनेमाचं कॅप्शन मराठीत हवं, देवनागरीत हवं. मराठी सिनेमाला मराठी कॅप्शन. तिकीट काढताना तुम्हीही विचारा. घरात सगळ्यांचे कान ठणठणीत असले तरी विचारा.

काकांनी हा प्रश्न वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलाय : ‘या खेळाला मराठी कॅप्शन आहे का?’ कागद शर्टाच्या खिशात असतो. तिकीट खिडकीशी गेले की पैशांच्या आधी तो काचेखालून आत सरकवतात.