आठ जणांची खोली

(दृश्य: थिवी स्टेशन. पाठीवर सॅक अडकवून उतरणारी तरुण मंडळी.)

मुंबईहून रात्री सुटलेली कोकणकन्या सकाळी गोव्यात थिवीला सोडते. तिथून म्हापसा, म्हापशाहून हणजूणची बस. घामाघूम होऊन प्रवाशांच्या हॉस्टेलच्या दारात पोचावं, तर काउंटरवरचा मुलगा गोड हसून म्हणतो, "चेक-इन दुपारी दोनला."

वाद घालू नका. सॅक ठेवायला जागा देतात, विचारलंत तर बऱ्याचदा अंघोळही करू देतात. पैसे, फोन आणि ओळखपत्र मात्र सॅकमध्ये राहू द्यायचं नाही. ओळखपत्रावरचा पत्ताही बुकिंगच्या आधीच बघा. गावातलाच माणूस असेल तर काही हॉस्टेलं बेड देत नाहीत, आणि १८ वर्षांखालच्यांना डॉर्ममध्ये, म्हणजे अनेकांच्या सामाईक खोलीत, सहसा घेत नाहीत. हे दारात कळलं तर पैसेही जातात आणि दिवसही.

(दृश्य: डॉर्म. दुमजली पलंग, पडदे, प्रत्येक गादीपाशी एक दिवा.)

आठ बेडचा डॉर्म. इथे खोली आपली नसते, गादी आपली असते. खालची मागून घ्या. वरून रात्री बाथरूमला उतरताना लोखंडी शिडी अशी कुरकुरते की आठही जणांना खबर लागते. दाराजवळचा बेड टाळा, पॅसेजमधला उजेड थेट डोळ्यांवर येतो. बायकांसाठी वेगळा डॉर्म बऱ्याच ठिकाणी असतो. एकटीने पहिल्यांदाच निघाली असाल तर चार पैसे जास्त गेले तरी तोच घ्या.

(दृश्य: पलंगाखालचा लॉकर, जवळून.)

लॉकर मिळतो, कुलूप आपलं. पहिल्या खेपेला मी ते घरीच विसरले आणि म्हापशाच्या बाजारात दुकानदाराला म्हटलं, "चांगलं दणकट द्या." त्याने दिलेलं कुलूप वाड्याच्या दिंडीदरवाजाला शोभलं असतं. लॉकरच्या कडीचं भोक जेमतेम करंगळीएवढं, त्यात ती जाड दांडी काही केल्या शिरेना. शेवटी कॅमेरा उशाशी घेऊन झोपले. म्हणजे झोपले नाहीच. तेव्हापासून बारीक दांडीचं, आकड्यांचं कुलूप सॅकच्या चेनलाच लटकलेलं असतं.

टॉवेलऐवजी पंचा न्या. दमट हवेत जाड टॉवेल दोन दिवस वाळत नाही, आणि त्याचा वास सगळ्या खोलीला वाटून घ्यावा लागतो.

(दृश्य: जर्मनीतल्या आल्टेनाचा किल्ला.)

हॉस्टेलची ही सगळी कल्पना मुळात एका शाळामास्तरची. १९०९ च्या ऑगस्टमध्ये रिशार्ड शिरमान नावाचे जर्मन शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले आणि वादळी पावसात अडकले. एका गावच्या शाळेत आसरा मिळाला. बाकं बाजूला सारून, गवत अंथरून पोरं झोपली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा अशाच वापरता येतील, हे त्यांना त्या रात्री सुचलं. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल उभं राहिलं. धर्मशाळेत, मठात पथारी पसरणाऱ्या आपल्या वारकऱ्यांना यात काय नवल वाटणार म्हणा.

(दृश्य: अंधार. फक्त आवाज.)

आता ऐका.

चुर्र... चुर्र...

पहाटेचे साडेचार. कुणीतरी सॅक भरतंय. आपल्या मराठी घरांत प्रत्येक वस्तू वेगळ्या कॅरीबॅगेत घालायची शिस्त आहे: चपला एकीत, ओले कपडे दुसरीत, चिवडा तिसरीत, शिवाय वर गाठ. घोरण्याचा राग येत नाही इतका या चुरचुरीचा येतो, कारण घोरणारा झोपेत असतो. घोरणाऱ्यासाठी कानात बोळे घाला. पण पिशव्यांवर इलाज आपल्याच हातात आहे. कपडे कापडी थैल्यांत भरा. पहाटे निघायचं असेल तर सॅक रात्रीच बांधून दाराबाहेर, कॉमन रूममध्ये ठेवायची सोय विचारा. गजर व्हायब्रेटवर, फोन उशीखाली. आणि तो पाच-पाच मिनिटांनी पुढे ढकलायची चैन घरी करा.

(दृश्य: पहाटेचा अंधुक उजेड. एक मुलगी चपला हातात घेऊन दाराकडे जाते.)

ही पाचच्या बसला निघाली आहे. काल संध्याकाळी स्वयंपाकघरात हिने सगळ्यांसाठी पोहे केले होते, कांदा जरा करपला होता. दाराची मूठ तिने आधी पूर्ण खाली दाबली, मग दार ओढलं. बाहेर जाऊनही मूठ तशीच धरून ठेवली, दार चौकटीला टेकेपर्यंत.

वरच्या बेडवर कुणीतरी कूस बदलली, एवढंच.