न घाबरणारा नायक: ‘तुंबाड’चा विनायकराव

भयपटात नायकाचं पहिलं काम असतं घाबरण्याचं. तो दचकला की आपण दचकतो. ‘तुंबाड’मधला विनायकराव मात्र हे काम साफ नाकारतो. वाड्याखालच्या विहिरीत भुकेला हस्तर, म्हणजे सोन्याचा आणि धान्याचा लोभी असा शापित देव, बसलाय हे ठाऊक असूनही तो सकाळी दुकान उघडायला निघालेल्या माणसासारखा आत उतरतो. दोर नीट बांधलाय ना, हस्तरला भुलवायची कणकेची बाहुली घेतली ना, एवढीच त्याची काळजी.

12 ऑक्टोबर 2018 रोजी हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, सहदिग्दर्शक आदेश प्रसाद. विनायकराव झालेत सोहम शाह. निर्मात्यांमध्येही ते आहेत. कथा 1918 पासून 1947 पर्यंतची, कधी कोकणातल्या धो धो पावसात तर कधी पुण्यात. पाऊस बहुतांश खराखुरा. चित्रीकरण 2012 साली सुरू झालं आणि काही भाग पुन्हा चित्रित करावा लागला. म्हणजे एकच माणूस, त्याच अंगकाठीसह आणि त्याच नजरेसह, शाह यांना वर्षानुवर्षं सांभाळावा लागला.

शाह मूळचे राजस्थानातल्या श्रीगंगानगरचे. धोतर, मिशा, छाती काढून चालणं, हे सगळं त्यांना शोभून दिसतं. बोलण्यात मात्र कोकण सापडत नाही. विनायकच्या बायकोच्या भूमिकेतल्या अनिता दाते समोर असल्या की मराठी कानाला हे लगेच खटकतं. तरी गाडी अडत नाही, कारण हा विनायक जिभेपेक्षा अंगानं जास्त बोलतो.

विहिरीतला प्रसंग नीट बघा. भिंती दगडाच्या नाहीत, मांसाच्या आहेत. ते हस्तरच्या आईचं, म्हणजे देवीचं, गर्भाशय आहे. खाली उतरल्यावर विनायक बचावासाठी पिठाचं रिंगण आखतो, कंदील ठेवतो, बाहुली पुढे करतो. हस्तर बाहुलीवर तुटून पडला की विनायकचा हात जातो हस्तरच्या सोन्याच्या नाण्यांनी भरलेल्या लंगोटाकडे. नाणी खळखळून सांडतात आणि तो ती गोळा करतो. दुसरा एखादा नट इथे डोळे विस्फारून श्वास रोखून दाखवता. शाह दाखवतात सवय. घाम आहे, धाप आहे, पण ती मेहनतीची. भीती वाटायची ती आपल्याला वाटते, आणि निम्मी त्या माणसाचीच.

आजीसमोरचा प्रसंगही असाच. म्हातारीच्या देहातून झाड उगवलंय, तरी हस्तरच्या शापामुळे ती मरत नाही. लहानपणी जिच्या नुसत्या आवाजानं थरकाप व्हायचा, तिच्याशी आता विनायक सौदा करतो: खजिन्याचं गुपित सांग, मी तुला सोडवतो. ती त्याला लोभी ठरवते, तर तो ते गुण म्हणून मिरवतो. हे बोलताना शाह खलनायकी हसू आणत नाहीत. माणूस आपली पात्रता सांगतोय, बस्स.

शेवटच्या भागात हा माणूस थकतो. पुढे मुलगा पांडुरंग, म्हणजे मोहम्मद समद, धंदा शिकायला उभा आहे. (याच समदनं चित्रपटातली म्हातारीही रंगवलीय, हे कळल्यावर मी पुन्हा ते प्रसंग काढून बघितले.) मुलाला दोरावर चढायला शिकवणारा विनायक मला सगळ्यात भयंकर वाटतो. तो मारत-झोडत नाही. बाप जसा मुलाला पोहायला शिकवेल तसा शिकवतो. मायाही खरी आणि लोभही खरा, आणि शाह या दोहोंत फट पडू देत नाहीत.

चित्रपट बघायचा राहिला असेल तर इथे थांबा, कारण पुढे शेवट सांगतोय. सगळं सोनं एकदम मिळवायच्या नादात बापलेक बऱ्याच बाहुल्या घेऊन उतरतात आणि जितक्या बाहुल्या, तितके हस्तर. मुलाला वाचवायला विनायक त्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून घेतो. वर येतो तेव्हा चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला असतो. अभिनयाला उरतात डोळे आणि एक हात. त्या हातात हस्तरचा लंगोट आहे, आणि तो मुलाला देऊ करतो. इथे पश्चात्ताप दाखवणं किती सोपं होतं! शाह दाखवतात वारसा सोपवणाऱ्या बापाचं समाधान, आणि म्हणूनच पांडुरंगाचा नकार इतका जोरात लागतो.

2024 च्या सप्टेंबरमध्ये चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला.