‘हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेआठ नाही हो!

नमस्कार मंडळी! “ताई, जर्मनीत नवीन आलोय, पहिल्या महिन्यात काय काय करू?” हा प्रश्न इतक्यांदा आलाय की आज उरकूनच टाकते.

घरात राहायला गेलात की 14 दिवसांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो आधीच मागून ठेवा. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे दूध-भाजी शनिवारीच आणा. पाण्याची बाटली फेकू नका, दुकानातल्या मशिनीत टाकली की 25 सेंट परत मिळतात. झालं. हे सगळं कुणीही सांगेल.

आता खरं दुखणं. घड्याळ!

स्टुटगार्टमधला माझा तिसरा आठवडा. भाड्याचं घर बघायला फोन केला, तर आजीबाई म्हणाल्या, “हाल्ब आख्ट.” हाल्ब म्हणजे अर्धा, आख्ट म्हणजे आठ. मी खूश, साडेआठ! संध्याकाळी नोकरीचं पत्र फाइलला लावून बरोब्बर साडेआठला बेल वाजवली. आजी दारात आल्या त्या गाऊनवर, हातात टूथब्रश. मनगटावर बोट आपटून दाखवलं. घर तासाभरापूर्वीच दुसऱ्या कुणाला देऊन टाकलं होतं.

हाल्ब आख्ट म्हणजे साडेसात. साडे-सा-त!

कळलं नाही? असं बघा. पोराला सात पूर्ण झाली की आपण “आठवं लागलं” म्हणतो ना? तसाच आठवा तास लागलाय आणि अर्धा झालाय.

तरी नाही? मग आपलं अडीच घ्या. हा शब्द आलाय संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे तिसरा अर्धा. दोन पूर्ण, तिसरा अर्धा. हिशोब जर्मनांचाच की! मग त्यांना उलट्या खोपडीचे कशाला म्हणायचं? तीच गत आकड्यांची. “जर्मनमध्ये पंचवीसला पाच आधी आणि वीस नंतर का म्हणतात?” अशी कमेंट आलीय. अहो दादा, तुम्ही ‘पंचवीस’ लिहिलंत त्यात आधी काय आलं?

आणि हो, “ऑफिसात इंग्रजी चालतं, मग जर्मन कशाला?” विचारणाऱ्यांनो, ऑफिसात चालतं. पण पार्सल शेजाऱ्यांकडे ठेवल्याची चिठ्ठी दारावर जर्मनमध्येच चिकटलेली असते.

तर पुन्हा एकदा, हाल्ब ऐकलं की पुढच्या आकड्यातून अर्धा तास वजा. भरवसा नसेल तर 19:30 असं कागदावर लिहून समोर धरा. मी अजूनही धरते, लाज कसली?

आमच्या स्टुटगार्टकडे तर आणखी गंमत. फिर्टल म्हणजे पाव, ड्रायफिर्टल म्हणजे पाऊण. म्हणून ‘फिर्टल आख्ट’ म्हणजे सव्वासात, आणि ‘ड्रायफिर्टल आख्ट’ म्हणजे पावणेआठ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सव्वाआठला पोचले होते. तो किस्सा दाताच्या डॉक्टरांकडचा आहे, पुढच्या व्हिडिओत सांगते.