शुगर नाही, एचआयव्ही नाही, मग मेंदूत बुरशी पोचली कशी?

नमस्कार. 2021 मध्ये म्युकरमायकोसिस हे नाव आपल्याकडे घराघरात पोचलं. तेव्हापासून बुरशीचा गंभीर आजार म्हटलं की आपण दोनच गोष्टी विचारतो: शुगर किती होती, आणि स्टेरॉइड दिलं होतं का? दोन्ही विचारायलाच हव्यात. पण आज ज्या पेशंटबद्दल बोलायचंय त्यांची शुगर नॉर्मल असते, एचआयव्ही निगेटिव्ह, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी व्यवस्थित. कालपरवापर्यंत कामावर जाणारी माणसं. आणि बुरशी थेट मेंदूच्या आवरणात.

ही बुरशी म्हणजे क्रिप्टोकॉकस. तिची एक जात कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत सापडते. दुसरी, गॅटी, झाडांवर राहते. निलगिरीशी तिचं नातं जुनं आहे. कॅनडातल्या व्हँकूव्हर बेटावर 1999 पासून गॅटीचे रुग्ण दिसायला लागले आणि डॉक्टर चक्रावले, कारण ही उष्ण प्रदेशातली बुरशी समजली जायची. शिवाय एचआयव्ही नसलेले रुग्ण त्यात बरेच होते. बेटावर लाखो लोक राहतात, सगळे तीच हवा श्वासात घेतात. मग काहींनाच का?

उत्तराचा एक मोठा भाग फुप्फुसात आहे. तिथल्या वायुकोशांमध्ये मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात. श्वासातून आलेली बुरशी त्या गिळतात आणि संपवतात. त्यासाठी त्यांना जीएम-सीएसएफ नावाच्या प्रथिनाचा इशारा लागतो. काही माणसांचं शरीर या प्रथिनाविरुद्धच अँटिबॉडी बनवतं. इशारा वाटेतच अडतो, बुरशी जगते, रक्तात उतरते आणि मेंदूकडे जाते. क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिसच्या, म्हणजे या बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या, अशा रुग्णांमध्ये या अँटिबॉडी सापडल्याचं 2013 मध्ये प्रसिद्ध झालं.

आता सीबीसीत हे का दिसत नाही? कारण तो हजेरीपट आहे. पेशी किती आल्या ते कळतं, काम करतायत की नाही ते कळत नाही. या माणसांचा सर्दी-खोकलाही चारचौघांसारखाच बरा होतो. त्यामुळे 'प्रतिकारशक्ती चांगली आहे' हे वाक्य मला फार अपुरं वाटतं. कुणाविरुद्ध चांगली, ते विचारायला हवं.

असाच प्रकार थायलंड आणि तैवानमधल्या प्रौढांमध्ये दिसला. तिथे अँटिबॉडी इंटरफेरॉन गॅमा नावाच्या, इशारा देणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्ध असतात.

कधी दोष जन्मजात असतो. कार्ड-9 नावाचं जनुक आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं आलं, तर आपल्या ओळखीची नायट्याची बुरशी कातडीवर थांबत नाही. ती आत शिरते, लिम्फच्या गाठींपर्यंत जाते. अल्जीरिया, ट्युनिशिया, मोरोक्कोतल्या कुटुंबांमध्ये यामुळे मृत्यूही झाले आहेत.

आता आपल्याकडची अडचण. आठवडेच्या आठवडे डोकं दुखतंय, बारीक ताप, उलट्या, डोळ्यांपुढे अंधुक. आपल्याकडे पहिला संशय टीबीच्या मेनिंजायटिसवर जातो, आणि ते साहजिक आहे, टीबी आहेच इतका. पण त्या उपचारात स्टेरॉइडही देतात, आणि क्रिप्टोकॉकसमध्ये ते घातक ठरू शकतं. म्हणून पाठीतून पाणी काढलं असेल तर नातेवाइकांनी नम्रपणे पण नक्की विचारा: "डॉक्टर, क्रिप्टोकॉकसची अँटिजेन टेस्ट पाठवली आहे का?" जुनी पद्धतही सोपी आहे. त्या पाण्याच्या थेंबात काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. सगळीकडे काळोख, आणि त्यात गोल पेशी, प्रत्येकीभोवती स्वच्छ पांढरं कडं. हे कडं म्हणजे बुरशीचं जाड कवच. त्याच्यात शाई शिरत नाही.

आणि कृपा करून पेशंटला "तू काय खाल्लंस, कुठे गेलास" म्हणून दोष देऊ नका. अँटिबॉडी कुणी स्वतःहून बनवत नाही.

क्रिप्टोकॉकसचं निदान झालं की अँफोटेरिसिन आणि पुढे फ्लुकोनॅझोल ही बुरशीविरोधी औषधं, महिनोन्‌महिने. गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. कार्ड-9 जनुकाचा दोष निघाला तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या. आणि जीएम-सीएसएफच्या अँटिबॉडी सापडल्या तर मेंदू बरा झाल्यावरही छातीच्या डॉक्टरांकडे जात राहा, कारण याच अँटिबॉडीमुळे फुप्फुसात चिकट द्रव साठण्याचा वेगळा आजारही होतो. चालताना दम लागायला लागला, तर फाइल घेऊन जा आणि जुना मेनिंजायटिस आधी सांगा.